माशांची नावं

एकोणतीस वर्षं मी यंत्रांना माशांची नावं ठेवली.
हाउकी, अहवेन, सीका, माडे.
ओउलूच्या कागद गिरणीचं तळघर, दार नंबर सात,
किल्ली माझ्या गळ्यात,
आणि बाहेर समुद्र मैलभर गोठलेला.

हाउकी सगळ्यांत हट्टी.
जानेवारीत त्याचा पंखा कोरडा खोकायचा,
कपाटाच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली
की गप्प.
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.
माडे सलग अकराशे बारा दिवस चालला, एकदाही न पडता.
त्या दिवशी मी केक नेला.
रात्रपाळीवाले हसले. खाल्ला मात्र सगळा.
आणि डिसेंबरात वेलचीच्या पावाची कणीक
मी त्याच्याच डोक्यावर ठेवायची, ओलं फडकं झाकून.
तासाभरात टम्म.

आता वर्गात बसते.
समोर याल्मारी, वय सव्वीस, मोजे दोन रंगांचे.
विचारतो, क्लाउड म्हणजे काय, कोण सांगेल?
शेजारी अर्मास पुटपुटतो, "भाडं."
स्वतःच्या हातानं बांधलेल्या घरात
त्यानं जन्म काढलाय.

शब्द नवे आहेत.
लोड बॅलन्सिंग म्हणतात ती रात्र मला ठाऊक आहे:
अहवेन आडवा पडला,
आणि त्याचं ओझं मी सीकाच्या पाठीवर चढवलं,
एकेक तार उपसून, दातांत टॉर्च धरून.
इथे ते एका टिचकीत होतं.
मी टिचकी मारते. होतं.
जबडा उगाच दुखतो.

"सर्व्हरला जीव लावू नका," याल्मारी सांगतो.
"आजारी पडला, मारा. दुसरा उभा करा.
चाळीस सेकंद."
मी वहीत लिहिते: मारा.
मग खोडून लिहिते: बंद करा.

शुक्रवारी गृहपाठाला एक यंत्र उभं केलं.
त्याला सतरा अक्षरांचा नंबर मिळाला.
कोणी बघत नाही असं पाहून
मी नावाच्या रकान्यात लिहिलं, हाउकी.
आणि घरी गेले.

सोमवारी बिल. त्रेचाळीस युरो.
बंद करायचं राहिलं होतं.
राहिलं कसलं,
या हाताला बंद करणं शिकवलंच नव्हतं कोणी.
दोन दिवस, तीन रात्री
तो बिचारा जागा होता, टक्क,
कोणी काही विचारायला आलं नाही.
जागं ठेवणं म्हणजेच सांभाळणं,
असं मी समजत आले होते.

"सगळ्यांचं होतं," याल्मारी म्हणाला.
अर्मासनं मला कॉफी पाजली, त्याच्या पैशांनी,
आणि विषय काढला नाही.

मग मी विचारलं,
ते सगळं आहे कुठे?
त्यानं नकाशावर एक वर्तुळ दाखवलं. रीजन.
वर्तुळात तीन ठिपके. झोन.
नेमका पत्ता सांगत नाहीत.
आणि रात्री आत कोण असतं?
तो थांबला. स्लाइड पुढे सरकली नाही.
"असेल कोणीतरी," म्हणाला. "लागतंच."

तेवढ्यावर मला ती दिसली.
नाव माहीत नाही. गळ्यात किल्ली नसेल, कार्ड असेल.
लांबच लांब बोळ, दोन्हीकडे कपाटं, एकसारखी, बिननावाची,
आणि एकाशी ती थांबलीय,
कान देऊन.
खिशात पुठ्ठा आहे की नाही
ते इथून दिसत नाही.

मी यंत्र निवडलं.
पडदा विचारतो, खात्री आहे?
तीस वर्षांत एकाही यंत्रानं मला असं विचारलं नव्हतं.
हो म्हटलं.
हाउकी रांगेत राखाडी झाला, आणि थोड्या वेळानं
रांगेतही नव्हता.

तळघराची किल्ली द्यायला गेले होते गिरणीत.
पहारेकरी म्हणाला, ते कुलूपच काढलंय हो,
ठेवा तुमच्याकडे.

चाचणीत बावीसपैकी एकोणीस.
चुकलेले तिन्ही प्रश्न बिलाचे.
कणीक सकाळपासून रेडिएटरवर ठेवलीय.
अजून फुगलेली नाही.